थांबाजराची मुलाखत

माझ्या नातीचं कागदावरचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते कागदालाच माहीत. घरात, गल्लीत, दुकानाच्या गिऱ्हाइकांत ती ‘थांबाजरा’. हे नाव मी ठेवलं असं माझं म्हणणं आणि पोरीने स्वतःच ठेवलं असं आमच्या हिचं, म्हणजे तिच्या आजीचं म्हणणं. तो खटला आमच्या घरात अजून चालू आहे.

नाव पडलं ते असं. पोर तेव्हा एवढीशी, दुकानाच्या फळीवर बसून पाय हलवायची. कुणा पाहुण्याने विचारलं, “काय गं, तुला आई जास्त आवडते की बाबा?” दुसरं मूल असतं तर एक नाव फेकून मोकळं झालं असतं. ही म्हणाली, “थांबा जरा.” पाहुणा थांबला, चहा प्यायला, गाडीची वेळ झाली, निघून गेला. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे जेवायला बसलेलो, तर पोरीने हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाली, “आजी.” आम्हाला कळेचना काय ते. “त्या काकांना सांगा, आजी.” आमची ही तेव्हापासून त्या पाहुण्याची फार आपुलकीने चौकशी करते.

आमचं दुकान कुलूपकिल्ल्यांचं. मी सुरू केलं, आता मुलगा चालवतो आणि मी त्याच्या कामात लक्ष घालतो. त्याला तो ‘लुडबूड’ म्हणतो. माझं शिक्षण गावच्या शाळेत झालं. एक खोली, एक मास्तर आणि चार वर्ग चार भिंतींकडे तोंडं करून. मास्तर प्रश्न विचारायचे तिसरीला, उत्तर द्यायचे चौथीवाले आणि छडी बसायची पहिलीला, कारण पहिली दाराजवळ होती. मी पहिलीत जरा जास्त रमलो, त्यामुळे छडीचा अनुभव दांडगा.

पुढे शहरात आलो आणि एका कुलूपवाल्या उस्तादांकडे काम मागायला गेलो. माझ्या आयुष्यातली ती एकुलती एक मुलाखत. उस्तादांनी एक कुलूप समोर ठेवलं, किल्ली दिली, म्हणाले, “उघड.” किल्ली आत गेली, पण फिरेना. मी तरणाबांड, लावला जोर. किल्लीची मान तुटली आणि मुंडकं माझ्या हातात राहिलं. मी चप्पल शोधायला लागलो. उस्ताद म्हणाले, “निघालास कुठे? आत अडकलेला तुकडा कोण काढणार? तो काढता काढता कळेल, जोर कुठे लावायचा नाही ते.” तो तुकडा निघेपर्यंत माझी नोकरी पक्की झाली होती.

ही गोष्ट मी नातीला इतक्या वेळा सांगितलीय, की मध्येच मला खोकला आला तर पुढची ती सांगते. दुकानात बसून ती कामही शिकली. शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, कोरी किल्ली आवळायची, कानस चालवायची, किल्ली कुलपात घालून बघायची. अडली की हात ढिला सोडायचा, कुलूप काय म्हणतंय ते ऐकायचं आणि मगच पुन्हा कानस. तिची थांबण्याची सवय तिथूनच पक्की झाली. सांगायला अभिमान वाटतो, माझ्या मुलापेक्षा नात चांगला हात चालवते. मुलगा हे वाचणार आहे, वाचू दे.

पण तिला किल्ल्या करायच्या नव्हत्या, मुलांना शिकवायचं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत आजूबाजूची पोरं जमवून तिने वर्ग भरवला. शाळेत ढ म्हणून नावाजलेली पोरं तिच्याकडे यायची आणि आपल्या पायांनी परत यायची. ती काय करायची ते मी पडद्याआडून बघितलंय. प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. पोरगं छताकडे बघायचं, नाक पुसायचं, तरी ही गप्प. शेवटी त्या पोरालाच शरम वाटायची आणि ते विचार करायचं.

मग तिने शिक्षकाचा कोर्स केला, चांगल्या गुणांनी पास झाली आणि घोडं पेंड खायला लागलं ते मुलाखतीत. पहिल्या शाळेत विचारलं, “तुम्हाला शिक्षिका का व्हायचंय?” ही विचारात पडली. आता एवढा मोठा प्रश्न, त्याला विचार नको? पण समोरच्या साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “ठीक आहे, पुढच्या उमेदवाराला पाठवा.” दुसऱ्या शाळेत त्यांना वाटलं हिला ऐकू येत नाही. त्यांनी प्रश्न मोठ्याने विचारला, मग आणखी मोठ्याने, आणि ही उत्तर द्यायला तोंड उघडणार तोवर त्यांचाच घसा बसला.

तिसरं बोलावणं आलं ते पाण्याच्या टाकीमागच्या शाळेचं. जागा एकच. त्याच सुमाराला पाणीबिलाच्या कचेरीतूनही तिला निरोप आला की टायपिंगला माणूस हवा आहे, आठवडाअखेर कळवा. नात भांडी विसळता विसळता म्हणाली, “आजोबा, ही शाळा झाली तर झाली. नाहीतर मी कचेरीत जाते. किती दिवस सगळ्यांना आशेवर ठेवायचं?” रडली नाही, चिडली नाही. विचार करून बोलली होती, म्हणूनच मला त्याची धास्ती. हिचा विचार एकदा झाला की तो बदलत नाही.

मी त्याच दिवशी घरची सभा भरवली. म्हटलं, पोरगी हुशार आहे, फक्त स्टार्ट व्हायला वेळ घेते, तेवढं दुरुस्त करू. मुलाला पटलं, कारण त्याला बोलताना श्वास घ्यायचं भान नसतं. सून दवाखान्यात नर्स, तिला घाईची सवय, तिलाही पटलं. फक्त आमची ही म्हणाली, “उगाच पोरीच्या मागे लागू नका. कुलूप बिघडलेलं नाही, तुम्ही त्यात तेल ओतताय.”

“तुला मुलाखतीतलं काय कळतं?” मी म्हटलं.

“तुमची झालीय तेवढीच मला माहितीये. किल्ली मोडून आलात.”

नियम असा ठरला. प्रश्न कुणीही, कुठेही, केव्हाही विचारायचा आणि माझी काठी जमिनीवर आपटायच्या आत तिने उत्तर सुरू करायचं. मी दुकानात नसलो तर मुलगा कानस शेगड्यावर वाजवायचा. टण. सून कामावर जाताना चपला घालता घालता विचारायची, “वर्गात शिस्त कशी ठेवाल?” इस्त्रीवाला कपडे द्यायला यायचा. त्यालाही ही बातमी लागली होती. तो शर्टांचा गठ्ठा पुढे करून विचारायचा, “शिक्षणाचा उद्देश सांगा बाई, मग पैसे द्या.”

सुरुवातीला ती अडखळली. मग हात बसला. मग असा बसला, की विचारता सोय नाही. टण वाजायच्या आत उत्तर हजर. आम्ही खूश. एकदा तिची आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय गं, चहा घे—” आणि नात इकडून म्हणाली, “मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी.”

मी मांडीवर थाप मारली. म्हटलं, बघा, तयार झाली.

आजी कप घेऊन बाहेर आली. “पोर होती ती कुठे गेली? हा रेडिओ कुणी आणून बसवला?”

नात हसली, पण चहा मात्र तिने न फुंकता प्यायला आणि जीभ भाजून घेतली.

मुलाखतीला मी तिच्याबरोबर गेलो. तिने नको म्हटलं, सुनेने नको म्हटलं, म्हणून काठी घेऊन आधीच कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. शाळेची इमारत दुमजली, लांबलचक व्हरांडा, भिंतीवर मुलांनी काढलेले हत्ती, त्यांतला एक पाच पायांचा. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीबाहेर स्टुलावर एक शिपाईबाई बसलेल्या. नातीला आत बोलावलं, दार लागलं.

आता मला सांगा, जन्मभर ज्याने बंद दारांना कान लावून पोट भरलं, त्याने व्हरांड्यात हत्ती मोजत बसायचं? मी उठलो आणि दाराला कान लावला.

“आजोबा,” शिपाईबाई म्हणाल्या.

मी बोट ओठांवर ठेवून त्यांना गप्प केलं. आवाज सुरेख येत होता. आत तिघं होते. संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापिका बाई आणि गणिताचे जुने सर. पहिले काही प्रश्न झाले आणि माझी नात, काय सांगू, तोफेसारखी उत्तरं देत होती. प्रश्न खाली पडायला वेळ नाही. मी मनातल्या मनात काठी आपटत होतो आणि ती प्रत्येक वेळी काठीला हरवत होती. माझी छाती इतकी फुगली की दार ढकललं जाईल असं वाटायला लागलं.

“आजोबा, अहो,” शिपाईबाई पुन्हा म्हणाल्या.

“एक मिनिट, ताई.”

आत अध्यक्ष सावकाश बोलणारे. म्हणाले, “समजा, तुमच्या वर्गात एक मुलगा आहे. तुम्ही प्रश्न विचारलात की तो—”

“मी त्याला पहिल्या बाकावर बसवेन, त्याला धीर देईन, आधी सोपे प्रश्न विचारेन आणि त्याच्या पालकांना भेटेन,” नात म्हणाली.

हे उत्तर आम्हीच घोटून घेतलं होतं. उत्तर न देणाऱ्या मुलासाठीचं. सुनेने सांगितलेलं, मी मंजूर केलेलं.

मग मुख्याध्यापिका बाईंचा आवाज आला, “सरांचा प्रश्न पुरा झाला नव्हता. प्रश्न विचारला की तो मुलगा पुरतं ऐकून न घेताच उत्तर देतो. त्याचं काय कराल, असं विचारायचं होतं त्यांना.”

गणिताच्या सरांना खोकला आला. मला वाटलं, हा व्हरांडा दुभंगावा आणि काठीसकट मला पोटात घ्यावं. पोरीच्या हातातोंडाशी आलेला घास आणि तो आम्ही सगळ्यांनी मिळून पाडला. डोळ्यांपुढे ती पाणीबिलाची कचेरी उभी राहिली. खिडकीपल्याड बसलेली नात, समोर रांग आणि रांगेतला एकही माणूस तिला ‘थांबाजरा’ म्हणणारा नाही.

आतून काहीच आवाज येईना. ही शांतता मात्र माझ्या ओळखीची होती. ती जेवणाच्या पानावरची, शेगड्यापुढची, मागच्या खोलीतली शांतता होती.

“थांबा जरा,” नात म्हणाली. “या प्रश्नाचा मला नीट विचार करू दे.”

कुणी घड्याळ बघितलं की नाही, ते दारातून ऐकू येत नाही. पण पुढच्या उमेदवाराला कुणी बोलावलं नाही.

मग ती सावकाश म्हणाली, “मी आधी त्याला विचारेन, बाळ, घरी तुला कोण घाई करतं?”

आत तिघंही हसले. हसणं ओसरू दिलं आणि ती पुढे म्हणाली, “मग सांगेन की या वर्गात उशिरा आलेलं उत्तरही चालतं. पण नुसतं सांगून ते त्याला खरं वाटणार नाही. मलाच थांबून दाखवावं लागेल. रोज.”

“आणि तुम्हाला घरी कोण घाई करतं?” गणिताच्या सरांनी विचारलं.

“आजोबा. ते बाहेरच आहेत. बहुतेक दाराला चिकटून.”

मला मागे सरकायचं सुचेपर्यंत दार उघडलं. मुख्याध्यापिका बाई समोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

“कान पुसून घ्या, आजोबा,” त्या म्हणाल्या. “रंग ओला आहे.”

“तेच तर मघापासून सांगतेय,” शिपाईबाई म्हणाल्या.

दाराच्या हिरव्या रंगात माझ्या कानाचा ठसा उमटला होता आणि उरलेला रंग माझ्या कानावर. शिपाईबाईंनी फडक्याला रॉकेल लावून दिलं. थोडा निघाला, बाकीचा कानाच्या वळणांत बसला.

मुलाखतीचा दुसरा भाग वर्गात होता. पाचवीच्या मुलांना पाठ घेऊन दाखवायचा, विषय अपूर्णांक. तिघंही परीक्षक मागच्या बाकांवर जाऊन बसले. तिथे त्यांचे गुडघे मावेनात. मी आणि शिपाईबाई व्हरांड्यातल्या खिडकीपाशी.

नातीने फळ्यावर काही काढलं नाही. खडू हातात धरून विचारलं, “एक तृतीयांश मोठा, की एक चतुर्थांश?”

पुढच्या बाकांवरचे हात सटासट वर. “चतुर्थांश, चतुर्थांश, बाई.” चार हे तिनापेक्षा मोठे, त्यात विचारायचं काय? तिथे मी असतो तर मीही तेच ओरडलो असतो.

ती बरोबर म्हणाली नाही, चूकही म्हणाली नाही. फळ्याकडे वळून सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या काढल्या, एकीखाली दुसरी. वरच्या पट्टीचे तीन सारखे भाग केले, खालचीचे चार. आणि खडू ठेवून, हातावर हात घेऊन उभी राहिली.

वर्ग गप्प. ती गप्प. मागे अध्यक्ष गप्प. कुठेतरी पाण्याचा नळ गळत होता तो ऐकू यायला लागला. बोल गं पोरी, काहीतरी बोल, दुसऱ्या शाळेतही असंच झालं होतं. आणि माझ्याही नकळत माझी काठी वर गेली.

वरच्या वर शिपाईबाईंनी ती धरली. हलक्या आवाजात म्हणाल्या, “आजोबा, तास चालू आहे.”

काठी त्यांच्या मुठीत आणि आत काय होत होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या बाकावरचा एक हात जरा वाकला. त्याने पट्टीकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं आणि हात हळूच खाली घेतला, जणू तो दुसऱ्याचाच होता. मग शेजारचा. मग एकेक करून सगळे हात खाली. ज्यांनी हात वर केलेच नव्हते त्या मधल्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. दोन वेण्यांची एक मुलगी हवेत बोटाने तुकडे पाडत होती. आणि पहिला हात परत वर आला. आधी तो उडाला होता, आता उगवला. मग दुसरा, मग मधल्या बाकांवरचे, मग थेट मागचे. गणिताचे सर परीक्षक असून त्यांनीही हात अर्धा वर केला आणि ओशाळून चष्मा नीट केला.

“सांगा,” नात म्हणाली.

“तृतीयांश,” सगळा वर्ग म्हणाला.

“मघाशी तर चतुर्थांश होता?”

“मघाशी आम्ही थांबलो नव्हतो,” ती दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

शिपाईबाईंनी माझी काठी परत दिली. म्हणाल्या, “नात का?”

मी फक्त मान हलवली. मला बोलता आलं नाही, हे आमच्या घरात कुणी खरं मानत नाही.

परत येताना टाकी मागे पडली. मग ती म्हणाली, “आजोबा, तुमची काठी वर गेलेली मला खिडकीतून दिसली.”

“मग?”

“मग काय. आपटली नाहीत, बरं केलंत.”

“मी कुठे काय केलं? त्या बाईंनी धरली.”

ती एवढी हसली, की रस्त्याने जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला. मग तिने माझा कान बघितला आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

घरी सगळं सांगितलं. मुलाने कानस बाजूला ठेवून ऐकलं. सून म्हणाली, “तो पहिल्या बाकाचा सल्ला माझा होता,” आणि उगाच भाजी ढवळत राहिली. आमच्या हिने माझी काठी उचलली आणि आपल्या खाटेच्या मागे नेऊन ठेवली.

आठवडा संपत आला. कचेरीला कळवायचा दिवस उजाडला, तरी शाळेकडून काही नाही. दुपारी नात दुकानात एका जुन्या कपाटाची किल्ली घासत होती, सून नुकतीच कामावरून आलेली, आजी दारात बसलेली. फोन वाजला. नातीचे हात लोखंडाच्या भुशाने भरलेले, म्हणून मुलाने बटण दाबून फोन तिच्यापुढे धरला. आवाज सगळ्या दुकानात.

“मी मुख्याध्यापिका बोलतेय. आम्ही तुमची निवड केली आहे. सोमवारपासून आमच्याकडे शिकवायला येणार का?”

आणि माझी नात गप्प.

मुलाने फोन तिच्या आणखी जवळ नेला. सुनेने पदर तोंडात धरला. मी इकडेतिकडे काठी शोधली, तर ती आजीच्या मांडीवर आणि आजीची नजर माझ्यावर. बोल गं बाई, ते ठेवून देतील, एवढं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.

पण पलीकडून हॅलो आलं नाही. ऐकू येतंय का, असंही आलं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ती बाईही थांबली होती. पाण्याच्या टाकीपलीकडे, त्या हिरव्या दाराच्या आत, आमच्या पोरीसाठी.

“हो,” नात म्हणाली. “येते.”

फोन ठेवल्यावर आजीने विचारलं, “काय गं, यात कसला विचार करायचा होता?”

“विचार नव्हते करत, आजी. ऐकत होते. हा प्रश्न मला परत थोडाच कुणी विचारणार आहे?” एवढं बोलून तिने कानस उचलली, कारण कपाटवाला संध्याकाळी किल्ली न्यायला येणार होता.

आता ती रोज सकाळी टाकीमागच्या शाळेत जाते. शिपाईबाईंनी सांगितलं, की दाराला रंगाचा दुसरा हात मारताना मुख्याध्यापिका बाईंनी माझ्या कानाचा ठसा तसाच ठेवायला लावला. मी बघून आलो. ठसा चांगला उमटलाय. कानाच्या पाळीत मात्र अजून थोडं हिरवं आहे, ते मी घासत नाही.

परवाच एक गिऱ्हाईक घाईघाईने आलं. किल्ली टेबलावर टाकली आणि निघता निघता म्हणालं, “काका, नातीला शाळेत नोकरी लागली म्हणे?”

‘लागली’ एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“थांबा जरा,” मी म्हटलं आणि त्याला स्टूल पुढे केलं.